आठव्या महिन्यातल्या आम्ही दोघी

माझं आणि माझ्या बहिणीचं वय एकच. सुईणीला मला पुसून बाजूला ठेवायला जेवढा वेळ लागला, तेवढीच मी तिच्याहून मोठी. माय पुन्हा कण्हायला लागली, तेव्हा कुठे घरात कळलं की पोटात आणखी एक जीव आहे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमचं गाव वरवट बकालच्या बाजूचं, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते तिथलं. घरी भाजीपाल्याचं वावर होतं. वांगी, मिरची, कांदे, मेथी. माय दिवस गेलेले असतानाही वाफ्यात पाणी सोडायला जायची, निंदायला बसायची. आठवा लागला तसे तिचे पाय सुजले. मग चेहरा सुजला, डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. "पोटुशीचे पाय सुजतातच," असं सगळ्या बाया म्हणाल्या, आणि त्यांचंही चूक नव्हतं. त्यांचेही सुजलेच होते. पौषातल्या एका सकाळी ती मेथीच्या वाफ्यातच बसून राहिली. तिला बैलगाडीत घालून घरी आणलं आणि दुपारच्या आत आम्ही दोघी बाहेर आलो.

मी रडले. ती रडली नाही. सुईणीनं तिला उलटं धरून पाठीवर थोपटलं तेव्हा मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज निघाला, बस. ती दोन तळहातांत मावत होती. सुईण मायला ऐकू जाणार नाही अशा बेतानं आत्याबाईला म्हणाली, "सातव्याचं जगते, आठव्याचं नाई जगत. मोठीकडं पाहा."

आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन माहेरी आलेली, पोटी काही नाही. सुईणीचं बोलणं तिनं ऐकून घेतलं आणि घरातला सरकी काढलेला कापूस आणून त्यात त्या जिवाला गुंडाळलं. मग लुगड्याच्या आत, उघड्या छातीवर तिला आडवं घातलं आणि वरून वाकळ पांघरून भिंतीला टेकून बसली. तो अख्खा हिवाळा ती अशीच बसली म्हणतात. उठायची ती फक्त परसात जायला, आणि तेवढ्यापुरती बहिणीला माझ्या बाबांच्या छातीवर ठेवायची. दूध ओढायची ताकद बाळात नव्हती. मायचं दूध वाटीत काढून, कापसाची वात त्यात बुडवून आत्याबाई तिच्या ओठांवर पिळायची. मी मात्र मायच्या अंगावर भरपूर प्यायचे. शेजारच्या बाया बघायला यायच्या आणि हसत म्हणायच्या, "हिनं पोटातच बहिणीचा वाटा खाल्ला." त्या हसण्यावारी न्यायच्या. मला ते वाक्य पुढे आयुष्यभर पुरलं.

पण ती जगली. होळीपर्यंत तिच्या गालांवर थोडं मांस आलं आणि आत्याबाईनं तिला पहिल्यांदा उन्हात नेलं. ती जगली याचंच घराला इतकं अप्रूप होतं की ती कशी जगते आहे, हे कुणी फारसं बघितलं नाही.

ती धापा टाकायची. दूध पिताना घामानं तिचं कपाळ ओलं व्हायचं, असं माय सांगायची. चालायला माझ्यानंतर वर्षभरानं लागली. शाळेत जाताना निम्म्या वाटेवर, बाभळीखाली, आम्ही थांबायचो. ती उकिडवी बसायची आणि मी दोघींची दप्तरं धरून उभी राहायचे.

"चाल ना वं, घंटा होऊन राह्यली."

"होऊ दे. घंटा काय पळून जाऊन राह्यली? थे शाळेतच रायते."

असं तिचं बोलणं. अंगात जी ताकद नव्हती ती सगळी तिच्या जिभेत होती. निंदणं तिला जमायचं नाही, ओझं उचलवायचं नाही, म्हणून बाबा तिला आठवडी बाजारात दुकानावर बसवायला लागले. पोत्यावर बसायची आणि मिरचीचे, वांग्यांचे सारखे ढीग लावायची. मोठमोठ्या बायांना अशी उत्तरं द्यायची की त्या हसत हसत घेऊन जायच्या. एक बाई वांगं उलटंसुलटं करून म्हणाली, "किडकं तं नाई ना?" तर ही म्हणाली, "मावशी, थ्या किड्यालेच इचारा, तोबी म्हणन आजवरी असं वांगं नाई खाल्लं." आजूबाजूचे दुकानदारही हसले. पाट्या आणून टाकायचं काम माझं, विकायचं तिचं. बाजार संपल्यावर ती माझ्या डोक्यावरच्या रिकाम्या पाटीकडे बघून म्हणायची, "तू अंगानं कमव, मी तोंडानं कमवतो."

दुपारी वावरात आंब्याखाली आम्ही अंग टाकायचो. मी तिच्या पाठीला कान लावून झोपायचे. तिच्या आत एक आवाज होता. थांबून थांबून नव्हे, सलग. लांबच्या गावात पिठाची चक्की चालू असावी तसा, घर्र… घर्र… मला वाटायचं सगळ्यांच्याच आत असं असतं. एकदा तिला म्हटलं, माझं ऐक. तिनं बराच वेळ माझ्या पाठीला कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

"तुह्यात काईच नाई वं. नुसतं टकटक. माह्यात चक्की हाये."

तिला त्याचा अभिमान होता. शाळेतल्या मैत्रिणींना ती पाळीपाळीनं चक्की ऐकवायची. मलाही त्या आवाजाचा हेवा वाटायचा.

मग तेरा-चौदाव्या वर्षी तो आवाज कमी होत गेला. मी कान लावायचे तेव्हा आधी पुसट यायचा, मग नुसती धाप, मग मुद्दाम शोधला तरी सापडेना. मला आनंद झाला. मी पळत घरी जाऊन मायला सांगितलं, "तिच्या छातीतलं बंद झालं." आत्याबाईनं त्या दिवशी देवापुढे गूळ ठेवला. आमची समजूत अशी की दुखणं वयाबरोबर निघून गेलं.

त्याच वर्षी बाजारात उन्हातान्हात बसलेली ती एकदम वांग्यांच्या ढिगावर कलंडली. पाणी मारल्यावर शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य काय, तर "वांगे चेंगरले काय?" पण तिच्या ओठांचा रंग मी पाहिला होता. चुलीतल्या राखेचा असतो तसा. गावाकडच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि बाबांना सांगितलं, हे माझ्या हातातलं नाही, बुलढाण्याला न्या.

आम्ही चौघं गेलो, माय, बाबा, ती आणि मी. एस.टी. खामगावपर्यंत, तिथून दुसरी. घाट चढताना ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. मी विचारलं, "काय होऊन राह्यलं?" ती म्हणाली, "गाडीलेबी दम लागून राह्यला, आईक." खरंच इंजिन घरघरत होतं. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

बुलढाण्याचे डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलणारे. त्यांनी तिच्या छातीला नळी लावून इतका वेळ ऐकलं की बाबा जागच्या जागी चुळबुळ करायला लागले. मग ते म्हणाले, "बाळ, चपला काढ." तिनं पाय वर घेतले. त्यांनी तिचे हात आणि पाय शेजारी शेजारी धरले. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. हाताची नखं गुलाबी होती, माझ्यासारखी. पायाची नखं निळसर होती. इतकी वर्षं आम्ही ते पाय पाहिले होते. पण मळ्यात काम करणाऱ्यांचे पाय चिखलानं, मातीनं कायम कुठल्यातरी रंगाचे असतात. त्यांच्या रंगाकडे कोण बघतं?

"ही दिवस भरून झालेली का?" त्यांनी मायला विचारलं.

मायनं सगळं सांगितलं. सूज, काजवे, मेथीचा वाफा, कापूस, आत्याबाई. सांगताना तिचा आवाज बारीक होत गेला. डॉक्टरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी कागदावर पेन्सिलीनं एक हृदय काढलं, त्यातून निघालेल्या दोन मोठ्या नळ्या काढल्या आणि त्या दोन्हींना जोडणारी एक लहान नळी.

"बाळ पोटात असतं तेव्हा त्याला श्वास घ्यावा लागत नाही. फुप्फुसांना काम नसतं. म्हणून रक्त परस्पर जावं यासाठी देवानं ही वाट ठेवलेली असते. बाळ जन्मलं, रडलं, श्वास घेतला की दोनचार दिवसांत ही वाट आपोआप मिटते. पण जे लेकरू दिवस भरायच्या आधी बाहेर येतं, त्याच्यात कधीकधी ती मिटायची राहून जाते. हिची राहिली आहे."

"अन् मोठीची?" बाबांनी माझ्याकडे बोट करून विचारलं.

डॉक्टरांनी मलाही तपासलं. "हिची मिटली. दोघी एकाच दिवशी आल्या, पण ही अंगानं भरलेली होती, तिची तयारी कमी पडली."

मी खाली बघितलं. बहीण मात्र कागदावर वाकून बघत होती. ती म्हणाली, "म्हंजे माह्या घराचं मागलं दार उघडंच राह्यलं. लावाले कोनाले सवडच नाई भेटली."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. म्हणाले, ती नळी बांधायचं ऑपरेशन होतं, पण अजून करता येईल का, ते तिथलेच सांगतील.

नागपूरला बाबा एकटेच तिला घेऊन गेले. पंधरवड्यानं परत आले तेव्हा ती दारातूनच ओरडली, "म्या नागपूरची संत्री खाल्ली, तुह्यासाठी सालटंबी नाई ठेवलं," आणि पिशवीतून संत्री काढून माझ्यापुढे ठेवली. तिला पलंगावर झोपवून बाबा वावरात निघाले. माय त्यांच्या मागे गेली आणि मी मायच्या मागे. बाबा बांधावर बसले. हातातलं उपरणं त्यांनी कितीतरी वेळा उलगडलं आणि घडी केलं.

"ऑपरेशन होत नाई म्हनले," ते शेवटी बोलले. "लहानपनी आनली असती तं झालं असतं. चार-पाच वर्साची असतानी. आता फुप्फुसाच्या नळ्या लोखंडासारख्या कडक झाल्या. रक्त उलटं फिरून राह्यलं. आता थेच दार हाये म्हनून थे जित्ती हाये. थे बांधलं तं पोरगी टेबलावरच जाईन."

"अन् आवाज बंद झाला होता थो?" मी मध्येच विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "थो बंद झाला थीच वाईट खूण व्हती म्हनले."

माय उभी होती ती हळूहळू खाली बसली, पाय पोटाशी घेऊन, आणि आपल्या घोट्यांवर अंगठ्यानं दाबून बघायला लागली. आत्ता तिथे सूज नव्हतीच. बाबांनी तिचा हात धरून बाजूला केला. ती पुन्हा दाबायला लागली.

"म्या काऊन बसली व्हती वाफ्यात?" ती म्हणाली. "म्या घरी निजाले पाह्यजे व्हतं. एक महिना निजली असती तं."

"थ्याचा काई संबंध नाई म्हनले डॉक्टर," बाबा म्हणाले. डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते की बाबांनी ते वाटेत तयार केलं, मला आजही माहीत नाही. मायनं ते मानलं नाही. त्या दिवसापासून गल्लीतली कुठलीही बाई दिवस गेलेली दिसली की माय तिला थांबवून पातळ वर करायला लावायची आणि घोटे दाबून बघायची. बोट रुतून खड्डा राहिला तर तिला हाताला धरून दवाखान्यात न्यायची, ती बाई चिडो, तिची सासू चिडो. तालुक्याच्या नर्सबाई मायला ओळखायला लागल्या.

आत्याबाईला आम्ही खरं सांगितलं तेव्हा ती एकच वाक्य बोलली, "म्या इतकी छातीशी धरली, तरी एक दार मले नाई लावता आलं." नंतर तिनं हा विषय कधी काढला नाही.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली होती. हिचं लग्न करू नका. मूल राहिलं तर दोघंही जातील. त्यामुळे मला पाहायला पाहुणे आले तेव्हा चहाचा ट्रे घेऊन मी गेले आणि ती आत परातीत मेथी निवडत बसली. जन्मापासून पहिल्यांदा एखादी कौतुकाची गोष्ट आमच्यातल्या एकीच्याच वाट्याला आली होती. मी आत आले तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

तीच म्हणाली, "कंडक्टर हाये म्हनते. चांगलं झालं. जन्मभर सीट भेटन तुले."

माझे यजमान बुलढाणा डेपोत कंडक्टर होते. आठवड्यातून दोनदा त्यांची ड्यूटी आमच्या बाजूला लागायची. गाडी वरवट बकालला थांबली की बाबा किंवा माझा थोरला भाऊ तिथे यायचे, आणि बरं असलं की तीही यायची. तेवढ्या पाच-दहा मिनिटांत ती माझ्यासाठी निरोप द्यायची. यजमान संध्याकाळी घरी येऊन टोपी खुंटीला लावायचे आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगायचे. ते मोजकं बोलणारे. त्यांच्या तोंडून तिची वाक्यं ऐकताना मला फार हसू यायचं. "म्हनली, तिले सांगजा, बुलढान्याचं थंड पानी पिऊन लय फुगू नको, मले वळखू येनार नाई."

दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा ती फार उतरली होती. ओट्यावर उशा रचून बसायची. आडवं झालं की गुदमरायची. मला दिवस गेल्याचं मी सगळ्यात आधी तिला सांगितलं. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. हात ऊबदार होता, आणि माझ्या मांडीला लागलेले तिचे पाय बर्फासारखे.

"आईक," ती म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "घाई नोको करू. पुरे दिवस भरू दे. ओझं नोको उचलू. रागाऊ नोको, रडू नोको. आपन दोघी लय घाईनं आलो."

मी म्हटलं, "तू सांगतली तशी वागतो. पन बारशाले आत्या म्हनून नाव तूच ठेवजो."

"मी मावशी, येडे. आत्या नाव ठेवते."

"मंग मावशी म्हनून ठेवजो."

"पाहू," ती म्हणाली.

होळी गेली. चैत्र लागला. मला आठवा सुरू झाला आणि माहेरी न्यायला कुणी येईना. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. मी रोज गाठोडं बांधून तयार. मग यजमानांनी निरोप आणला की घरी भावाच्या मुलांना गोवर आलाय, माय म्हणते या घरात येऊ नको, बुलढाण्यातच बाळंतीण हो. मला मायचा भयंकर राग आला. सासूबाईंसमोर मी मायला नको ते बोलले. सासूबाई एरवी मला सुनावायला कमी करायच्या नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या चुलीकडे गेल्या. मला त्याचं नवल वाटलं, पण मी अर्थ लावला नाही.

तिचे निरोप येत होते. यजमान टोपी खुंटीला लावायचे आणि सांगायचे, "ती म्हणाली, तब्येतीची काळजी घे."

मी म्हणायचे, "अशी म्हनली? अशी नाई म्हनत थे."

ते गडबडायचे. "बरं वाटत नव्हतं तिला. थोडंच बोलली."

पुढच्या फेरीला मात्र त्यांनी निरोप आणला, "म्हनली, तिले सांगजा, पोट घेऊन दारातून आडवी निंगत असन तं भिंत फोडून घ्या." मी पोट धरून हसले. हे तिचंच, मी म्हटलं. ते हात-पाय धुवायला मागच्या दारी गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. त्यानंतर दर फेरीला असे निरोप यायला लागले. एकाहून एक. मी तिच्यासाठी लोकरीचे पायमोजे विणले. भर उन्हाळा होता, पण तिच्या पायांना उन्हाळा नव्हता. यजमानांनी ते घडी करून ड्यूटीच्या बॅगेत ठेवले. परत आल्यावर मी विचारलं, घातले का? "घातले," ते म्हणाले. "म्हनली, एकाचं बोट लांब झालं, विणताना तुह्या नवऱ्याचं तोंड पाहत व्हती काय?"

ज्येष्ठात, पुरे दिवस भरून, बुलढाण्याच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. ती इतकी जोरात रडली की नर्सबाई म्हणाल्या, हिला बाजारात बसवा, भाजी विकेल. डॉक्टरांनी तिला तपासून सांगितलं, सगळं छान आहे.

बाराव्या दिवशी माहेरची माणसं आली. माय, बाबा, आत्याबाई. बाबांच्या हातात पाळण्यावर टांगायची चिमणाळी होती. मी त्यांच्या मागे दाराकडे बघत होते. दमानं चालत असेल, मागे राहिली असेल.

"थे कुठी हाये?"

माय सरळ माझ्या मुलीकडे गेली, दुपटं बाजूला केलं आणि तिची पायाची नखं बघत बसली. बघून झालं तरी तिनं ते पाय सोडले नाहीत. तिच्या कपाळावर कुंकू होतं, पण कानांत काही नव्हतं. सणासुदीला, लेकीच्या घरी, माय कानांत काही न घालता आली होती.

"आत्याबाई, थे काऊन नाई आली?"

आत्याबाई माझ्या खाटेवर बसली. माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "थे गेली, पोरी. चैत्रात."

मी यजमानांकडे बघितलं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. टोपी हातातच होती. निरोप सांगणारा तो माणूस माझ्याकडे बघू शकत नव्हता.

मग तुकड्यातुकड्यांनी मला सगळं सांगण्यात आलं. सकाळची वेळ होती. ती भिंतीला टेकून मेथी निवडत होती. आदल्या रात्री तिला लागोपाठ दोनदा गुदमरलं होतं, आणि तेव्हाच तिनं मायकडून वचन घेतलं होतं. "तिले सांगू नका. पोट रिकामं झाल्यावर सांगजा. धक्क्यानं लेकरू आधी आलं तं मी तुमाले सोडनार नाई." सकाळी ती बरी होती. चहा प्यायली. आत्याबाईला म्हणाली, मेथी कवळी हाये यंदा. मग तिचं डोकं आत्याबाईच्या खांद्यावर आलं. आत्याबाईला वाटलं, झोप लागली. तिला हलवायचं नाही म्हणून ती तशीच बसून राहिली, कितीतरी वेळ. बाबा वावरातून आले तेव्हाही आत्याबाई त्यांना हातानं खुणावत होती की हळू, उठन.

गोवर नव्हता. माझा भाऊ नदीवर डोकं भादरून आला होता आणि मला त्याचं डोकं दिसू नये म्हणून त्याला आणलं नव्हतं. तिचं दहावं, तेरावं सगळं झालं. गाव जेवलं. बाजारातले दुकानदार येऊन गेले. फक्त मला, तिच्याबरोबर एका पोटात राहिलेल्या मला, काही कळलं नाही. त्या दिवशी सकाळी मी काय करत होते ते मी खूप आठवून पाहिलं. बहुतेक पापड लाटत होते. मला काही जाणवलं नाही. जुळ्यांना जाणवतं म्हणतात.

मी रडायला तोंड उघडलं तर आत्याबाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "रडू नोको, पोरी. दूध आटन. लेकरू तुह्या अंगावर हाये." आणि मी रडले नाही. पाळण्यात मुलीला घातलं, नाव ठेवलं, गुळखोबरं वाटलं. नाव कुणी ठेवलं ते आठवत नाही.

यजमानांवर मी कितीतरी दिवस रागावले होते. मग एकदा विचारलं, ते निरोप कुठून आणायचे तुम्ही? ते म्हणाले, पहिले दोन मला जमले नाहीत, तू ओळखलंस. मग मी वरवटला थांबलो की तुझ्या भावाला, बाजारातल्या बायांना विचारायचो, ती काय काय बोलायची. त्यातलंच थोडं फिरवून तुला सांगायचो. रोज रात्री भीती वाटायची की उद्या सुचलं नाही तर?

रडणं राहिलं ते राहिलंच. मुलगी वर्षाची व्हायला आली तेव्हा मी तिला घेऊन एकटीच माहेरी निघाले. गाडीवर दुसरे कंडक्टर होते. दुपार होती, गाडी अर्धी रिकामी. घाट उतरायला लागला आणि समोर खाली सगळा मुलूख पसरलेला दिसला, त्यापलीकडे सातपुडा. काही निमित्त नव्हतं. मी हुंदके द्यायला लागले आणि ते थांबेनात. मुलगी घाबरून माझ्याकडे बघत होती.

शेजारच्या सीटवर एक बाई होती, पंचेचाळिशीची, मांडीवर ज्वारीच्या भाकरींचं गाठोडं. तिनं मला काही विचारलं नाही. गाठोडं पायाशी ठेवलं, माझ्या मांडीवरून मुलीला उचलून घेतलं आणि खिडकीबाहेरची माकडं दाखवत बसली. "थे पाहा वानेर. थे पाहा दुसरं." घाट संपून गाडी सपाटीला लागेपर्यंत ती तिला धरून होती, आणि मी पदरात तोंड घालून रडत होते.